भिंतीकडची बाजू

टेप आधीच लावलेली होती. बादली, साबणाचं पाणी, जुनी फडकी, गरम हवेची गन, तिची लांबलचक वायर आणि गुडघ्याखाली घ्यायची फाटकी उशी असा सगळा संसार घेऊन मी जिना उतरलो, गाडीला वळसा घालून भिंतीकडच्या बाजूला अंग चोरत शिरलो, आणि बघतो तर दारांखालच्या प्लास्टिकच्या पट्टीला लागून, रंगाच्या कडेकडेने, पिवळट कागदी टेप या चाकापासून त्या चाकापर्यंत सरळ ओढलेली. आणि पट्टी काळी. नवी असताना असेल तशी काळीभोर. मी तर ती पांढुरकी, राखेच्या रंगाची पट्टी काळी करायला खाली उतरलो होतो. फडकं फिरवून बघितलं, फडक्याला धूळसुद्धा लागली नाही. बंपरचा या बाजूचा कोपरा, आरशाची टोपी, चाकावरची कमान, सगळं झालेलं. मी उशीवर गुडघे टेकून तसाच बसून राहिलो. आधी वाटलं, वा, कोणीतरी फुकटात काम उरकून दिलं! मग टेपचं टोक दिसलं.

टोक दुमडलेलं होतं. नखभर, आतल्या बाजूला, नीट दाबून. ही सवय आमच्या वडिलांची. ते पुस्तकं बांधायचे. खळ, पुठ्ठा, चिकटपट्ट्या यांतच त्यांचा जन्म गेला. पट्टी वापरून झाली की टोक दुमडून ठेवायचं, आणि घरात कोणी तसं ठेवलं नाही की त्यांचं डोकं फिरायचं. "पुढच्या माणसाने काय नखं झिजवायची का?" असं ओरडायचे. आता पुढचा माणूस बहुतेक वेळा तेच असायचे ही गोष्ट वेगळी. माझ्या हाताला ती सवय कधी लागली कळलंच नाही. दुकानात चष्म्याच्या डब्याला पट्टी लावतानाही माझं बोट आपोआप टोक दुमडतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, काय हो, किती व्यवस्थित! या अख्ख्या इमारतीत, मी पैजेवर सांगतो, टेपचं टोक दुमडणारा माणूस एकच. म्हणजे ही बाजू मीच केली होती. आणि मला त्यातलं काहीएक आठवत नव्हतं.

काहीएक म्हणजे काहीएक नाही. फाटकाकडची बाजू केलेली मला लख्ख आठवत होती. गेल्या रविवारी मी तिथे बसलो होतो, ऊन मानेवर येत होतं, साबणाने पट्टी घासली, पुसली, टेप लावली आणि गन चालू केली. गन फिरवायची म्हणजे एका जागी थांबायचं नाही, इस्त्री फिरवतो तसं पुढे पुढे जायचं. हवा लागली की राखेसारखं प्लास्टिक डोळ्यांदेखत काळं होत जातं. आतलं तेल वर येतं म्हणे. गाडीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने मला बजावलं होतं, "एकदाच गरम करा साहेब. पुन्हा पुन्हा कराल तर लाटा येतील, मग त्याला इलाज नाही." मग स्पंजच्या तुकड्याने त्या काळ्या औषधाचा हात, आणि जरा वेळाने कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. हे सगळं मला वासासकट आठवत होतं. आणि इथे, भिंतीकडे, पाठ भिंतीला घासत, गुडघे आखडून एवढं सगळं केल्याचं काहीच आठवू नये? या चिंचोळ्या जागेत नुसतं उठून बसायचं तरी कंबर शिव्या देते. औषधाची बाटली काढून उजेडात धरली, तर ती तळाला गेलेली. दुकानदार म्हणाला होता, आरामात दोन गाड्या होतील. अर्धी भरून विकतात लेकाचे, म्हणून काल-परवाच मी त्याला मनातल्या मनात शिव्या हासडल्या होत्या. आता हिशेब लागत होता. बाटली दोन्ही बाजूंना संपली होती. बाटलीला आठवत होतं, मला नव्हतं.

मी टेप हळूच सोडवली, गोळा करून खिशात घातली आणि चोरासारखा इकडेतिकडे बघितलं. कोणी बघत नव्हतं. वर जाऊन काय सांगणार? तासभर तरी खाली काढायला हवा होता, नाहीतर ही विचारणार, एवढ्यात झालंसुद्धा? म्हणून मी झालेल्या पट्टीवर कोरडं फडकं फिरवत बसलो. फिरवतोय, फिरवतोय. जे काम झालेलं आहे ते करण्याचं सोंग करायला किती ताकद लागते ते त्या दिवशी कळलं. मी भ्यायलो होतो. उगीच आडवळणाने कशाला सांगू, माझी पाचावर धारण बसली होती.

कारण मला हे ठाऊक आहे. हे कसं सुरू होतं ते मी घरात राहून बघितलंय. ही गाडी वडिलांची. त्यांनी ती घेतली तेव्हा बंपर, पट्ट्या, आरशांच्या टोप्या एवढ्या काळ्या होत्या की आई म्हणाली होती, गाडीने काजळ घातलंय. मग वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून ते काजळ उडालं. मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, दरवेळी म्हणतो, "भावोजी, भंगारात द्या आता. हे डबडं ठेवून काय लोणचं घालायचंय?" मी म्हणतो, इंजिन ठणठणीत आहे, रंग उतरला म्हणून कोणी भंगारात टाकायला लागलं, तर तुझ्या डोक्यावरच्या चंद्राचं काय करायचं? तो बिचारा टकलावरून हात फिरवत हसतो. पण खरं सांगायचं तर गाडीकडे बघून मलाच कसंतरी व्हायला लागलं होतं. आतून धडधाकट, आणि वरून राखेच्या रंगाची. वडील शेवटी शेवटी तसेच दिसायचे. म्हणून हा उद्योग काढला.

वडिलांचं सुरू झालं ते गाडीपासूनच. बाजारात गाडी लावायची आणि बाहेर येऊन विचारायचं, "आपण गाडी आणली होती का?" आम्ही हसायचो. विसरभोळा माणूस, घरात थट्टेला विषय. भर उन्हाळ्यात एकदा लोकरीचा कोट घालून जेवायला बसले. मी विचारलं, हे काय? तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मीच सांगितलं होतं घालायला. संध्याकाळी गार पडतं." वडील म्हणाले, "हां हां, आठवलं." बटाटे आणायला पाठवलं तर दूध घेऊन आले, घरात दूध उतू जात असताना. आई म्हणाली, "मीच सांगितलं होतं, दूध जास्तीचं लागणार आहे." "हां हां, आठवलं." एकाच पुस्तकाला त्यांनी दोनदा पुठ्ठा चढवला, एकावर एक. आई म्हणाली, मीच सांगितलं होतं, जाड हवाय म्हणून. आणि मी, शहाणा मुलगा, आईवर चिडायचो. "आई, किती राबवतेस त्यांना! सारखं आपलं हे आणा, ते करा, हे घाला!" आई नुसती हसायची. मला वाटायचं, वडिलांना खरंच आठवतं, आणि आईच जरा हुकूमशहा आहे. पुढे डॉक्टरने वडिलांना कागदावर घड्याळ काढायला लावलं. वडिलांनी गोल झकास काढला, बांधणीवाल्याचा हात तो. पण आकडे सगळे एका बाजूला दाटीवाटीने भरले, आणि दुसरी बाजू कोरी. जणू भाड्याने द्यायला ठेवली होती. आईने तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "चष्मा विसरलेत ना घरी, म्हणून." चष्मा त्यांच्या नाकावर होता. मीच करून दिलेला.

वर गेलो तर ही उद्याची तयारी करत बसली होती. ही बालवाडीत शिकवते. जमिनीवर रंगीत कागद पसरून मासे कापत होती. मी हात धुतले, उगाच जास्त वेळ धुतले. विचारायचं होतं, पण विचारलं की उघडं पडायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. शेवटी म्हटलं, "झाली एकदाची गाडी. बघितलीस का?" ती कात्री चालवतच म्हणाली, "बघितली. छान दिसते. दोन्ही बाजूंनी." मी दचकलो. दोन्ही बाजूंनी असं का म्हणाली? गाडी छान दिसते म्हणावं, संपलं. दोन्ही बाजूंनी हे काय! मग मीच मला समजावलं, अरे बाबा, गाडीला दोनच बाजू असतात, तिसरी कुठून आणणार ती? भित्यापाठी ब्रह्मराक्षस. पण ती मान खाली घालून मासे कापत होती, आणि कापून ठेवलेल्या माशांपैकी एकालाही तिने अजून डोळा काढला नव्हता, आणि मला कधी नव्हे ती त्या माशांची किळस आली. मी आतल्या खोलीत जाऊन पडलो. एकोणिसाचा पाढा म्हटला. आला. उलटा म्हटला. अडखळत आला. पण उलटा एकोणिसाचा पाढा मला शाळेत तरी कुठे येत होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसलो तर माझे गुडघे थेट स्टिअरिंगला टेकले. सीट पुढे सरकलेली होती. आतल्या आरशात मला रस्ता दिसायच्या ऐवजी मागची रिकामी सीट दिसत होती. या गाडीत मी सोडून कोणी बसत नाही, म्हणजे चालवायला. ही शेजारी बसते, मी तिला बालवाडीशी सोडतो आणि दुकानाकडे वळतो, वर्षानुवर्षं हेच. ती मागे एकदा म्हणाली होती, मलाही शिकवा की. मी म्हणालो होतो, तू रिक्षात बसलीस तरी ब्रेक दाबतेस, गाडी चालवलीस तर रस्त्यावर कोण उरेल? तो विषय तिथेच मिटला. तर मग सीट कोणी पुढे घेतली? मी. आणखी कोण? काल गाडी धुताना, आतून पुसताना घेतली असेल. पण मी आतून पुसली होती का? ही शेजारी बसून पट्टा लावत होती. मी सीट मागे घेतली, आरसा नीट केला. ताकास तूर लागू दिली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तिने खिडकीची काच खाली केली. सबंध रस्ता मी असा चालवत गेलो की सायकलवाले पुढे गेले. पायाकडे लक्ष जात होतं. हा ब्रेक, हा दुसरा. आयुष्यभर ज्याच्याकडे लक्ष दिलं नाही त्याच्याकडे लक्ष गेलं की ते येईनासं होतं. एखाद्या दिवशी चुकीच्या पायाने चुकीचं दाबलं तर? समोर एखादं पोर असलं तर? ही शेजारी बसलेली असताना? बालवाडीच्या दाराशी तिच्या वर्गातली पोरं "बाई, बाई" करत धावत आली, गाडीच्या अगदी जवळ, आणि मी चालू गाडी बंद करून हातब्रेक ओढला आणि तसाच बसून राहिलो. ती उतरताना म्हणाली, "सावकाश जा हं." रोजच म्हणते. पण त्या दिवशी ते मला सुईसारखं टोचलं.

आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. माझं चष्म्याचं दुकान आहे. इतकी वर्षं बघतोय, नंबर वाढला की माणूस आधी चष्म्याला दोष देतो. काच खराब दिली, फ्रेम वाकडी आहे, तुमच्या मशीनमध्ये काहीतरी घोटाळा आहे. शेवटी, अगदी शेवटी, नाइलाजाने, स्वतःचे डोळे तपासायला तयार होतो. मीही तेच करत होतो. टेप दोन दिवस नीट चिकटून राहिली असेल आणि बाजू मी शुक्रवारीच केली असेल, मला झोप कमी पडते, औषधाचा वास डोक्यात गेला असेल. एक आजीबाई जुना चष्मा घेऊन आल्या, म्हणाल्या, "ओळखलंत का?" आणि मी घाईघाईने त्यांचा चष्मा पुसायला घेतला. त्यांना मी आधी कधी बघितलंच नव्हतं, पहिल्यांदाच आल्या होत्या, त्यांनी मुलाचं नाव सांगून ओळख करून दिली. पण तेवढ्या दोन क्षणांत माझ्या बनियनला घाम फुटला. दुपारी दुकान रिकामं असताना कागदावर घड्याळ काढलं. गोल, बारा, सहा, तीन, नऊ, मग मधले. सगळे आपापल्या जागी. दहा वाजून दहा मिनिटं दाखवली. कागदाकडे बघून एवढा आनंद झाला की रडूच कोसळणार होतं, साठीच्या माणसाला घड्याळ काढता आलं म्हणून! मग तो कागद फाडून बारीक बारीक तुकडे केले, कोणाला सापडायला नको म्हणून. आणि लगेच वाटलं, ज्याला भीती नाही तो कशाला तुकडे करील?

पण सगळ्यांत वाईट होतं ते घरी. मी हिच्यावर पाळत ठेवायला लागलो. ती माझ्यावर ठेवते का ते बघायला. मी गॅस बंद करून बाहेर आलो की ती आत जाते का? गेली. पाणी प्यायला गेली. पाणी प्यायला तरी जाऊ नये का माणसाने? मी दार लावलं की ती कडीला हात लावते का? संध्याकाळी ती भावाशी फोनवर बोलत होती, मी खोलीत आलो तशी म्हणाली, बरं, ठेवते. हल्ली तो वारंवार येतो, असं तेव्हा मनात आलं. गेल्या महिन्यात एकदा मी दुकानातून आलो तर ही फाटकात उभी, मेव्हणा स्कूटरवर बसलेला, दोघांचे चेहरे कोणी गेल्यासारखे. मी काच खाली करून म्हटलं होतं, "काय, स्वागत समिती का?" दोघं एकदम हसले होते. एवढं काय हसण्यासारखं होतं? तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. आता सगळ्याचंच काहीतरी वाटत होतं. जेवताना मी वरणात मीठ घातलं आणि तिच्याकडे बघितलं. ती शांतपणे जेवत होती. मी आधी घातलं होतं का? चव घ्यायची भीती वाटली. तसंच खाल्लं.

रविवार आला. सकाळी ही म्हणाली, "आज खाली नाही जायचं?" मी म्हटलं, "कशाला? झाली ना गाडी." ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला ओळखता आलं नाही. सुटल्यासारखं काहीतरी होतं. "हो, झालीच की," ती म्हणाली. "चला, तरी बघून येऊ. चहा तिकडेच घेऊ." मग आम्ही दोघं कप घेऊन खाली गेलो. रस्त्यावरची धूळ आमच्या फाटकातून थेट आत येते, आठवडाभरात सगळी गाडी एका रंगाची करून टाकते. आताही तशीच झाली होती, काळ्या पट्ट्याही धुळीखाली पांढुरक्या. तिने पदराला लागू न देता बोनेटवर कप ठेवला. भिंतीकडच्या बाजूला जायचं धाडस मला होईना. आणि अचानक मला ते एकट्याने वाहणं असह्य झालं. आठवडाभर छातीवर कोणी बसलं असावं तसं झालं होतं.

"तुला एक सांगायचंय," मी म्हटलं. "हसू नकोस, आणि रडूही नकोस. ती भिंतीकडची बाजू आहे ना, ती मी कधी केली, मला आठवत नाही. अजिबात आठवत नाही. वडिलांसारखं होतंय मला."

ती कपाचा कान धरून उभी राहिली. मग म्हणाली, "ती तुम्ही नाही केलीत. मी केली."

"तू?"

"हो. शनिवारी तुम्ही दुकानात होतात तेव्हा. भावाने गन धरली, मी औषध लावलं."

"पण टेप! टेपचं टोक दुमडलेलं होतं!"

"अहो, मग? लग्न होऊन आले त्याच वर्षी मामंजींनी सगळ्यांसमोर झापलं होतं मला त्या टेपवरून. पुढच्या माणसाने काय नखं झिजवायची का, म्हणून. तेव्हापासून मी जन्मात कधी टोक मोकळं सोडलं नाही."

मला हसू फुटलं. असं हसू की कपातला चहा शर्टावर सांडला. मी भिंतीला टेकलो, गाडीला टेकलो, पुन्हा हसलो. अरे देवा! आठवडाभर मरत होतो मी, रोज थोडा थोडा मरत होतो, आणि गुन्हेगार इथे शेजारी झोपत होता! "आणि सीट?" मी ओरडलोच. "सीट कोणी पुढे घेतली? आरसा?" ती लाजल्यासारखी हसली. तीही तीच. भाऊ तिला गाडी शिकवत होता, दुपारची बालवाडी सुटल्यावर, माझ्या दुकानाच्या वेळात, शेजारच्या मोकळ्या मैदानावर. हल्ली मी दिवसाआड चालत जातो दुकानात, डॉक्टरने चालायला सांगितलंय म्हणून, त्या दिवशी गाडी घरीच असते. तिला आता वळवता येत होतं, मागे घेता येत होतं, चढावरही थांबवता येत होतं. "म्हणजे माझ्या नाकाखाली तू ड्रायव्हर झालीस!" मी म्हटलं. "आणि तो टकल्या मास्तर! येऊ दे त्याला, बघतो." मला तिला उचलून घ्यावंसं वाटत होतं. गाडी, भिंत, फाटक, सगळं धुऊन काढल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. मी ठणठणीत होतो. मला घड्याळ काढता येत होतं, पाढा उलटा येत होता, आणि जे मी केलंच नव्हतं ते मला आठवत नव्हतं, इतकंच.

"आता ही बघ," मी म्हटलं, "ही माझी बाजू. तुझं नवशिक्याचं काम आणि हे उस्तादाचं." आणि फाटकाकडच्या पट्टीवरची धूळ मी ऐटीत तळहाताने पुसली. पुसता पुसता हात थांबला. इतकी वर्षं काचा घासून माझ्या बोटांना डोळे फुटलेत. काचेवरचा उंचसखलपणा नजरेआधी बोटाला कळतो. पट्टी गुळगुळीत नव्हती. तिला लाटा होत्या. बारीक बारीक, एकामागून एक, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. काही ठिकाणी प्लास्टिक भाजल्यासारखं चकचकीत, काही ठिकाणी खचलेलं. मी वाकून बघितलं. मग उठून, धडपडत, वळसा घालून भिंतीकडे गेलो आणि तिच्या पट्टीवर बोट फिरवलं. सपाट. एकसारखी. एकदाच गरम केलेली. बाटली माझ्या डोळ्यांपुढे आली, तळाला गेलेली.

मी परत तिच्यापुढे येऊन उभा राहिलो. "तू का केलीस ती बाजू?" मी विचारलं. हसू अजून माझ्या तोंडावर तसंच राहिलं होतं, ते काढायचं कसं तेच कळेना. ती म्हणाली, "सहज. तुम्हाला तिथे बसवत नाही ना." "अगं, खरं सांग." ती पायाकडे बघायला लागली. बालवाडीतल्या पोराशी बोलावं इतक्या हळू आवाजात म्हणाली, "दर रविवारी तुम्ही हीच बाजू करत होतात. धुवायचं, टेप लावायची, गरम करायचं. वर येऊन म्हणायचात, एक बाजू झाली, आता पुढच्या रविवारी भिंतीकडची. पुढच्या रविवारी पुन्हा हीच. मला वाटलं, ती झालेली दिसली की थांबाल."

फाटकातून कोणाची तरी सायकल गेली. मी गाडीवर हात ठेवला. मला एकच रविवार आठवत होता. मानेवरचं ऊन, औषधाचा वास. तो कोणता रविवार होता ते मला माहीत नव्हतं. "आणि गाडी कधीपासून शिकतेस?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून, विषय हलवायचा म्हणून. आणि तीही बेसावध होती, डोळे पुसत होती, पटकन बोलून गेली, "तुम्ही घरी येताना रस्ता चुकलात ना, त्या दिवसापासून."

"मी कधी रस्ता चुकलो?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी फाटकाकडे बघितलं. तिथे ती उभी होती, भाऊ स्कूटरवर होता, मी काच खाली केली होती, स्वागत समिती का म्हणालो होतो. ते सगळं होतं. त्याच्या आधीचं बघायला गेलो, दुकानाचं शटर ओढलं होतं का, पूल लागला होता का, अंधार पडला होता का, मी कोणाला पत्ता विचारला होता का. तिथे काहीच नव्हतं. वडिलांच्या घड्याळाची कोरी बाजू होती. मला भीती वाटली, आणि ती सगळी माझ्या चेहऱ्यावर दिसली असणार, कारण हिचा चेहरा झरकन बदलला. तिने पदराने नाक पुसलं, हसली, अगदी घरगुती, रोजचं हसली.

"चुकलात म्हणजे काय," ती म्हणाली, "मीच सांगितलं होतं ना तुम्हाला. पुलावर गर्दी असते, लांबच्या रस्त्याने या म्हणून. मीच सांगितलं होतं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. लोकरीच्या कोटात घामाघूम होऊन बसलेले वडील मला दिसले, आणि स्वयंपाकघराच्या दारात आई. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांना खरंच आठवायचं. त्यांना एकदाही आठवलं नव्हतं. आणि आठवत नाही हे त्यांना प्रत्येक वेळी कळत होतं, आणि दारात उभ्या असलेल्या बाईचा चेहराही त्यांना दिसत होता.

"हां हां," मी म्हटलं, "आठवलं." आणि खिशातली किल्ली काढून तिच्या हातात दिली.